पार्टनरचा हिस्सा विकत घेतलाय, आता माझा हक्क काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्टनरशिप डीड (भागीदारीचा लेखी करार) लिहिणं, तपासणं आणि पार्टनरशिप फाटल्यावर भांडणं निस्तरणं हेच माझं रोजचं काम, पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून टाकतोय. सगळं साध्या पार्टनरशिप फर्मबद्दल आहे, म्हणजे भारतीय भागीदारी कायदा १९३२. एलएलपीसाठी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) थेट प्रश्न १४ वर जा.

१. मी एका फर्ममधल्या पार्टनरचा ३० टक्के हिस्सा विकत घेतला, पैसे दिले, स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या. आता मी पार्टनर ना?

नाही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त तोंड पडतं ते याच उत्तरावर. मागे एक काका आले होते, मार्केट यार्डातल्या एका गाळ्याचा व्यवहार, पिशवीतून प्लॅस्टिकच्या फोल्डरात जपून ठेवलेला पाचशेचा स्टॅम्प पेपर काढला, नोटरीचा गोल शिक्का, लाल सील, दोन साक्षीदार, सगळं व्यवस्थित. फक्त बाकीच्या दोन पार्टनरांची सही कुठेच नव्हती. काका म्हणाले, "अहो पण शिक्का आहे ना." शिक्क्यानं एवढंच कळतं की सही करणारा माणूस तोच होता.

कायद्याचं म्हणणं असं, की पार्टनरशिप ही माणसामाणसातली गोष्ट आहे, एका पार्टनरनं केलेल्या व्यवहारानं बाकीचे बांधले जातात, मग कोणासोबत बांधून घ्यायचं हे त्यांनाच ठरवू दे. म्हणून कलम ३१ सांगतं की सगळ्या पार्टनरांची संमती असल्याशिवाय नवीन पार्टनर येत नाही, डीडमध्ये वेगळं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही घेतलाय तो त्याचा पैशातला वाटा. पंगतीतलं त्याचं पान तुमच्याकडे आलं, पण मुदपाकखान्यात जायची मुभा त्याच्याकडेच राहिली.

२. मग मला मिळतं तरी काय?

कलम २९ वाचा, छोटंसंच आहे. फर्म चालू असेपर्यंत हिस्सा देणाऱ्याच्या वाट्याला जो नफा येईल तो तुम्हाला मिळणार, बास. धंद्यात ढवळाढवळ करता येणार नाही, हिशोब मागता येणार नाही, वह्या बघता येणार नाहीत. पार्टनरांनी आपसात नफ्याचा जो हिशोब मान्य केला तो तुम्हाला मान्य करावा लागतो.

समजा नारायण पेठेत तिघा भावांची प्रिंटिंग प्रेस आहे, थोरले ४०, मधले ३० आणि धाकटे ३० टक्के, आणि धाकट्यांनी आपला हिस्सा तुम्हाला दिला. वर्षाचा नफा तिघांनी ९ लाख धरला तर तुमचे २ लाख ७० हजार. "नवीन मशीन का घेतलं, जुनं चांगलं चाललं होतं की" हे तुम्ही घरी बोलू शकता, प्रेसमध्ये नाही. फर्म मोडली की चित्र बदलतं, ते प्रश्न ८ मध्ये.

३. पण नुसतं बघायला काय हरकत आहे? मी काही बोलणार नाही, फक्त टॅलीतले आकडे आणि बँकेचं स्टेटमेंट बघतो.

हक्क म्हणून नाही. वह्या बघायचा, त्यांची नक्कल घ्यायचा हक्क कलम १२ नं पार्टनरला दिलाय. त्यांनी प्रेमानं दाखवल्या तर दाखवल्या.

एक वाट मात्र आहे. ज्याचा हिस्सा घेतला तो अजून पार्टनरच आहे, त्याचा बघायचा हक्क शाबूत आहे, मग त्याच्याकडून आधीच लिहून घ्या की दरवर्षी ताळेबंद आणि नफातोटा पत्रकाची नक्कल तो तुम्हाला देईल. तो तुमच्या दोघांतला करार झाला, फर्मवर त्याचं बंधन नाही पण त्याच्यावर आहे. डीडमध्ये गुप्ततेचं कलम असेल तर मात्र तो अडचणीत येईल, म्हणून डीड आधी वाचा.

आणि हिस्सा घ्यायच्या आधी आकडे बघायचे असतील तर? इंग्लंडात १९०१ मध्ये बेव्हन विरुद्ध वेब या खटल्यात हेच झालं होतं, हिस्सा विकायचा होता म्हणून पार्टनरांना आपला जाणकार माणूस पाठवून वह्या तपासून घ्यायच्या होत्या, बाकीचे नाही म्हणत होते. कोर्टानं परवानगी दिली, माणसाबद्दल वाजवी हरकत नसावी आणि माहिती बाहेर फुटू नये या अटींवर. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण आपला कायदा त्याच मुशीतला असल्यामुळे वाद घालायला उपयोगी पडतो. थोडक्यात, पैसे देण्याआधी विकणाऱ्याला म्हणावं, माझा सीए तुझा माणूस म्हणून पाठव. पैसे दिल्यावर ही ताकद गेली.

४. माझा हिस्सा कमी दिसावा म्हणून त्यांनी मुद्दाम नफा कमी दाखवला तर?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात आणि लोक नेमकी त्यांचीच गल्लत करतात.

पहिली, खरोखरच्या कारभारातून नफा कमी झाला. वरच्या प्रेसमध्ये तिघांनी ठरवलं की आता आपण कामाचा पगार घ्यायचा, प्रत्येकी महिना १५ हजार, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार गेले आणि ९ लाखांतले ३ लाख ६० हजार उरले, तुमच्या वाट्याला १ लाख ८ हजार. राग येणं साहजिक आहे. पण १९०३ च्या गारवुडच्या खटल्यात इंग्लिश कोर्टापुढे असाच प्रसंग आला होता, पार्टनरांनी पूर्वी नसलेला पगार सुरू केला, हिस्सा घेतलेल्या बाजूनं तक्रार केली, आणि कोर्ट म्हणालं की खऱ्या कामासाठी प्रामाणिकपणे ठरवलेला पगार हा कारभाराचाच भाग आहे, त्यात तुम्हाला बोलता येत नाही.

दुसरी, लबाडी. काम न करणाऱ्या मेव्हण्याच्या नावानं पगार, खोटी खरेदी बिलं, रोखीची विक्री वहीतच नाही. "मान्य केलेला हिशोब" याचा अर्थ प्रामाणिकपणे मान्य केलेला हिशोब, संगनमतानं तुम्हाला बुडवायला रचलेला नाही. तिथे कोर्टात जाता येतं, पण फसवणूक सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर आणि वह्या बघायचा हक्क तुम्हाला नाही, म्हणजे हात बांधून पोहायला सांगितल्यासारखं आहे. म्हणूनच प्रश्न ३ मधला करार आधी करून ठेवायला सांगतोय.

५. बरं, मग खरा पार्टनर व्हायला काय करायचं?

सगळ्यांच्या सह्यांचं नवीन किंवा सुधारित डीड. जुना पार्टनर बाहेर पडतोय आणि नवीन आत येतोय हे दोन्ही त्यात स्पष्ट लिहा, तारखेसकट, आणि त्या तारखेपर्यंतचा हिशोब कोणाचा हेही. फर्म रजिस्टर असेल तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे बदल कळवायचा, जीएसटीमध्ये पार्टनर बदलल्याची दुरुस्ती १५ दिवसांत टाकायची, बँकेत सह्या बदलायच्या, शॉप अ‍ॅक्टचं बघायचं.

काही डीडमध्ये आधीच लिहिलेलं असतं की अमुक पार्टनर आपल्या जागी मुलाला किंवा सांगेल त्या व्यक्तीला आणू शकतो. तसं असेल तर ती आधीच दिलेली संमती समजतात, पण शब्द तपासा, "हिस्सा देता येईल" आणि "पार्टनर म्हणून घेता येईल" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

६. डीडमध्ये स्पष्ट लिहिलंय की हिस्सा बाहेरच्याला देता येणार नाही, तरी त्यानं मला दिला. माझे पैसे बुडाले का?

फर्मकडून काही मिळवणं अवघड. बाकीचे म्हणतील आमच्यात मनाई होती, आम्ही तुला ओळखत नाही. तुमचं भांडण देणाऱ्याशी, त्यानं जी गोष्ट देताच येत नव्हती ती दिली असं म्हणून पैसे परत मागायचे. डीडची प्रत न मागता पैसे देणारे लोक बघितले की मला कमाल वाटते, सेकंडहँड गाडी घेताना आरसी बुक बघतात आणि इथे २०-२५ लाख नुसत्या तोंडी भरवशावर देतात.

७. फर्म बुडाली तर फर्मचे घेणेकरी (ज्यांचे पैसे फर्मकडे अडकलेत ते) माझ्या घरावर येतील का?

तुम्ही पार्टनर नाही म्हणून नाही. फर्मच्या देण्याला पार्टनर वैयक्तिक जबाबदार असतात, तुम्ही त्यात येत नाही, आणि या सगळ्या व्यवहारातली ही एकच गोष्ट तुमच्या पूर्ण फायद्याची आहे. ती स्वतःच्या हातानं घालवू नका. व्हिजिटिंग कार्डावर "पार्टनर" छापलं, सप्लायरला फोन करून "मी पार्टनर बोलतोय, माल पाठवा" म्हणालात आणि त्यानं त्या शब्दावर उधार दिलं तर कलम २८ खाली तुम्ही अडकलात, कागदावर पार्टनर नसलात तरी.

प्रश्न ५ प्रमाणे पुढे रीतसर पार्टनर झालात तर त्या तारखेपासून जबाबदारी सुरू. आधीच्या देण्याला तुम्ही आपोआप बांधील नाही, पण नवीन डीडमध्ये "सर्व येणी-देणी स्वीकारली" असलं वाक्य टायपिस्ट जुन्या फॉरमॅटमधून उचलून घालतात, त्याकडे नीट बघा.

८. फर्म मोडली किंवा ज्याचा हिस्सा घेतला तोच बाहेर पडला, तर?

आता तुमची खरी बाजू सुरू होते. कलम २९ च्या दुसऱ्या भागानुसार अशा वेळी देणाऱ्या पार्टनरला फर्मच्या मालमत्तेत जो वाटा मिळाला असता तो तुम्हाला बाकीच्या पार्टनरांकडून मिळतो, आणि तो किती हे ठरवायला फर्म मोडल्या तारखेपासूनचा हिशोब मागायचा हक्कही येतो. इतके दिवस बंद असलेलं कपाट उघडलं, पण त्या तारखेपासूनचंच, मागच्या दहा वर्षांच्या वह्या उकरता येत नाहीत.

वाटा म्हणजे काय हे पण समजून घ्या. कलम ४८ प्रमाणे आधी बाहेरची देणी, मग पार्टनरांनी भांडवलाशिवाय फर्मला दिलेले उसने पैसे, मग भांडवल, आणि त्यातून उरलं तर नफ्याच्या प्रमाणात वाटप. त्यामुळे भोसरीत मोठं वर्कशॉप दिसतंय पण त्यावर बँकेचं कर्ज असेल तर तुमच्या ३० टक्क्यांत फारसं काही नसू शकतं.

आता एक खाचखळग्याची गोष्ट. वरच्या प्रेसची फर्म मोडताना पार्टनरांनी आपसात ठरवलं की धाकट्यांच्या हिश्शाची किंमत ५ लाख, धाकट्यांनी मान डोलावली, तर तुम्ही बांधील का? इंग्लंडात १९०१ च्या वॉट्स विरुद्ध ड्रिस्कॉल मध्ये कोर्टानं नाही म्हटलं, हिस्सा घेणाऱ्याला स्वतंत्र हिशोब मागता येतो. आपल्या कलमातला हिशोबाचा हक्क त्याच वळणाचा आहे. म्हणजे दरवर्षीच्या नफ्याचा आकडा मुकाट्यानं घ्या, पण शेवटच्या किमतीचा घेऊ नका.

मुदत ३ वर्षं, फर्म मोडल्या दिवसापासून. "बघू, बसून मिटवू" करत चहा पिण्यात ही वर्षं जातात.

९. फर्मच्या नावावर जागा आहे. माझं नाव सातबारावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर लागेल का?

नाही. फर्मची जागा फर्मची असते, चालू फर्ममध्ये कुठल्याच पार्टनरला "ही खोली माझी" म्हणता येत नाही, मग त्याच्याकडून घेणाऱ्याला कुठून येणार. सुप्रीम कोर्टानं १९६६ मध्ये अड्डंकी नारायणप्पा खटल्यात सांगितलंय की फर्मकडे जमीन-इमारत असली तरी पार्टनरचा हिस्सा ही जंगम मालमत्ता आहे, स्थावर नाही. म्हणून तिथे नुसता हिस्सा सोडल्याचा कागद रजिस्टर नव्हता तरी चालला.

हे ऐकून लगेच उड्या मारू नका. एखादी ठरावीक जागाच एका पार्टनरच्या नावावर करून द्यायची असेल तर तो कागद वेगळा, तिथे स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनचा प्रश्न येतोच. आणि एमआयडीसीचा प्लॉट लीजवर असतो, पार्टनर बदलायचे तर त्यांच्याकडची परवानगी आधी विचारा.

१०. हिस्सा मला दिला म्हणून बाकीचे चिडून फर्मच मोडायला निघालेत. मोडता येते?

येते. एका पार्टनरनं आपला पूर्ण हिस्सा तिसऱ्याला दिला तर बाकीच्यांपैकी कोणीही कलम ४४ खाली कोर्टाकडे फर्म मोडायची मागणी करू शकतो. दिलेल्यालाच त्या कारणावर मागता येत नाही, हे बरं आहे नाहीतर लोकांनी युक्ती केली असती. अर्धाच हिस्सा दिला असेल तर हे कारण लागू होत नाही, वकील मंडळी हिस्सा ९० टक्केच द्या वगैरे सल्ला देतात तो इथूनच. पण डीडमध्ये मुदत किंवा मोडायची अट नसेल तर ती मर्जीची भागीदारी, मग कुठलाही पार्टनर लेखी नोटीस देऊन मोडू शकतो, कारणही द्यावं लागत नाही. मोडली तर तुमचं काय, ते प्रश्न ८.

११. एकाकडे माझे उसने पैसे अडकलेत, कोर्टाची डिक्री (पैसे देण्याचा हुकूमनामा) हातात आहे, तो लक्ष्मी रोडच्या एका दुकानात पार्टनर आहे. दुकानातला माल जप्त करू शकतो ना?

नाही, डिक्री त्याच्यावर आहे, फर्मवर नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २१ चा नियम ४९ आहे, त्यानुसार कोर्ट त्याच्या हिश्शावर बोजा चढवतं, नफा गोळा करायला रिसीव्हर (कोर्टानं नेमलेला माणूस) नेमू शकतं, हिस्सा विकायचा हुकूमही देऊ शकतं. बाकीच्या पार्टनरांना पैसे भरून तो बोजा सोडवायचा किंवा विक्रीत हिस्सा स्वतःच घ्यायचा पर्याय असतो. खरं सांगायचं तर बरेचदा तेवढ्यानंच काम होतं, दुकानात रिसीव्हर येणार हे ऐकूनच भाऊबंद पैसे जमवतात.

१२. वडील फर्ममध्ये पार्टनर होते, ते गेले. आता त्यांच्या जागी मी?

आपोआप नाही, वारसा हक्कानं पार्टनर होता येत नाही. डीडमध्ये काही नसेल तर पार्टनरच्या मृत्यूनं फर्म मोडते. "मृत्यू झाला तरी फर्म चालू राहील" असं लिहिलेलं असेल तर बाकीचे चालवू शकतात, पण दोघांचीच फर्म असेल तर ते वाक्य कामाला येत नाही, एकटा माणूस कोणाशी भागीदारी करणार? सुप्रीम कोर्टानं १९६५ मध्ये सेठ गोविंदराम शुगर मिल्स खटल्यात हेच सांगितलंय.

वारस म्हणून वडिलांच्या वाट्याचे पैसे तुमचे. हिशोब न करताच बाकीच्यांनी फर्मची मालमत्ता वापरून धंदा पुढे रेटला तर कलम ३७ खाली तुम्हाला निवड आहे, एकतर त्या मालमत्तेमुळे झालेल्या नफ्यातला वाटा किंवा वडिलांच्या वाट्याच्या रकमेवर वर्षाला ६ टक्के व्याज. धंदा जोरात असेल तर ६ टक्के घेऊन गप्प बसू नका. आणि भावजी किंवा काका म्हणाले "आपल्या घरचंच आहे, घाई काय", तरी प्रश्न ८ मधली ३ वर्षांची मुदत नात्यासाठी थांबत नाही.

१३. फर्म रजिस्टरच नाहीये. सगळं संपलं?

सगळं नाही. रजिस्टर नसलेल्या फर्ममध्ये पार्टनरला चालू फर्मविरुद्ध किंवा दुसऱ्या पार्टनरविरुद्ध डीडमधले हक्क मागायला कलम ६९ अडवतं, त्यामुळे तुम्हाला देणाराच लंगडा असतो आणि तुम्ही त्याच्या खांद्यावर उभे. पण फर्म मोडण्यासाठी आणि मोडल्यावरच्या हिशोबासाठी दावा चालतो.

महाराष्ट्रात मध्येच गंमत झाली होती. १९८४ च्या राज्य दुरुस्तीनं पोटकलम २अ घालून तो शेवटचा मार्गही बंद केला होता, ते सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये व्ही. सुब्रमण्यम खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. अजूनही जुन्या पुस्तकातून कोणी २अ दाखवलं तर घाबरू नका.

१४. आमची एलएलपी आहे, तिथे पण असंच का?

गाभा तोच. एलएलपी कायदा २००८, कलम ४२: नफ्यातोट्यातला वाटा पूर्ण किंवा थोडा देता येतो, पण घेणाऱ्याला कारभारात भाग किंवा एलएलपीची माहिती बघायचा हक्क तेवढ्यानं मिळत नाही. फरक असा की हिस्सा दिला म्हणून देणारा बाहेर पडत नाही आणि एलएलपी मोडतही नाही हे कायद्यातच लिहिलंय. पार्टनर बदलला तर ३० दिवसांत रजिस्ट्रारकडे फाइल करायचं. प्रायव्हेट लिमिटेडचे शेअर घेतले असतील तर हे पान तुमच्यासाठी नाही, तिथे शेअर नावावर चढले की तुम्ही सभासद.

१५. फर्मची जागा जुन्या भाड्याची, पेठेतली. हिस्सा घेतला म्हणून घरमालक काही करू शकतो?

नुसता नफ्याचा वाटा घेतला आणि ताबा जुन्याच भाडेकरूकडे असेल तर फारसं नाही. पण पार्टनरशिप नावाला आणि दुकानात रोज तुम्हीच बसताय, जुना भाडेकरू घरी पेन्शन घेतल्यासारखा पैसे घेतोय, तर घरमालक पोटभाडेकरू ठेवला म्हणून खाली करायचा दावा टाकतो. परविंदर सिंग विरुद्ध रेणू गौतम, २००४, त्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कोर्ट पार्टनरशिपचा पडदा बाजूला करून खरा ताबा कोणाचा ते बघेल. तुळशीबाग, रविवार पेठ भागातले असे "पार्टनर" खूप आहेत, म्हणून सांगितलं.

१६. पार्टनरला नफ्यावर टॅक्स नसतो म्हणे, मग मलाही नाही ना?

फर्म स्वतः टॅक्स भरते म्हणून पार्टनरच्या हातात आलेला नफ्याचा वाटा करमुक्त असतो. पण ती सूट पार्टनर असलेल्या माणसाला आहे आणि तुम्ही पार्टनर नाही (प्रश्न १). त्यामुळे "करमुक्त उत्पन्न" म्हणून हिशोब करून किंमत ठरवू नका, कराराच्या आधी सीएला कागद दाखवा.

१७. बाकीचे पार्टनर तोंडी "चालेल, दे त्याला" म्हणालेत. पुरे का?

तोंडी संमती चालत नाही असं नाही, पण भांडण झाल्यावर ते नेमकं कशाला चालेल म्हणाले होते, नफा द्यायला की पार्टनर करून घ्यायला, हे कोण सांगणार. मार्केट यार्डवाल्या काकांचंही हेच झालं, "चालेल" सगळेच म्हणाले होते. शेवटी दोघांना समोर बसवून एका पानाचं पत्र करून घेतलं, हिस्सा दिल्याचं माहीत आहे, दरवर्षीचा नफा थेट यांच्या खात्यात जमा करू, ताळेबंदाची नक्कल देऊ. पार्टनर करून घ्यायला ते तयार झालेच नाहीत, काकांनीही मग तो हट्ट सोडला, आणि त्या पत्राची झेरॉक्स त्याच फोल्डरात शिक्क्याच्या कागदाच्या वर ठेवली.